काचबिंदूचे थेंब आणि लांब पापण्या

(जागतिक काचबिंदू सप्ताहानिमित्त सोलापुरातील एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘काचबिंदूचे थेंब : केव्हा, किती आणि कसे’ असा छापलेला आहे आणि त्या विषयाकडे मी येणार आहेच, परंतु गेली काही वर्षे मनात साचत गेलेली एक गोष्ट आधी बोलू द्यावी, अशी माझी विनंती आहे. तिचाही संबंध याच थेंबांशी आहे. अलीकडे माझ्याकडे अशा तरुण मुली येतात, ज्यांना काचबिंदू नाही, डोळ्यांचा कोणताही आजार नाही, चष्म्याचा नंबरही नाही, आणि तरीही त्या काचबिंदूच्या थेंबांची चिठ्ठी मागतात, कारण त्या थेंबांनी पापण्यांचे केस वाढतात असे त्यांनी मोबाईलवर पाहिलेले असते. खरी अडचण अशी की त्यांनी पाहिलेले खोटे नाही.

काचबिंदूची ओळख असलेल्यांनी थोडे सांभाळून घ्यावे. डोळ्याच्या पुढच्या भागात एक स्वच्छ द्रव अखंड तयार होत असतो, मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर, आणि बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून तो तितक्याच संथपणे बाहेर जात असतो. मोरी तुंबली की न्हाणीघरात पाणी साचावे, तसा हा निचरा अडला की डोळ्यातील दाब वाढतो आणि मागची दृष्टीची नस हळूहळू सुकत जाते. सर्वसाधारण दाब १० ते २१ मिलिमीटर पारा इतका असतो. नस आधी बाजूची नजर गमावते, समोरची नजर शेवटपर्यंत शाबूत राहते, त्यामुळे वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला आपली अर्धी नजर गेली आहे हे कळतच नाही. दक्षिण भारतात घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांमध्ये काचबिंदू आढळलेल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना आपल्याला हा आजार आहे हे त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. मोतीबिंदू काढून टाकता येतो आणि नजर परत येते. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. म्हणून उरलेली राखायची, आणि ती राखण्याचा मुख्य मार्ग म्हणजे दाब उतरवणे.

पूर्वी हे काम पिलोकार्पिन हे औषध करीत असे. ते दिवसातून चार वेळा घालावे लागे, कपाळ दुखे आणि बाहुली इतकी आकसे की संध्याकाळी रुग्णाला अंधारल्यासारखे दिसे. १९७८ साली अमेरिकेत टिमोलॉलला मान्यता मिळाली आणि दोन वेळांवर भागू लागले, पण दमेकऱ्यांना ते देता येत नसे, आजही देता येत नाही. यापुढची गोष्ट मला फार प्रिय आहे, म्हणून ती थोडक्यात तरी सांगतो. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये डोळ्यात गेली की दाह होतो आणि दाब वाढतो, अशी तेव्हाची पक्की समजूत होती. सशांच्या डोळ्यांत मोठ्या मात्रेने तसे घडतही होते. लास्लो बिटो या हंगेरियन संशोधकाने, जो १९५६चा उठाव चिरडला गेल्यानंतर देश सोडून अमेरिकेत आला आणि पुढे कोलंबिया विद्यापीठात रुजला, तीच द्रव्ये अगदी अल्प मात्रेत वापरली की दाब उलट उतरतो हे दाखवून दिले. जे औषध नव्हे तर विष मानले जात होते, त्यातून स्वीडनच्या फार्माशिया कंपनीतील संशोधकांच्या साथीने लॅटॅनोप्रोस्ट तयार झाले आणि १९९६ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. २००१ साली ट्रॅव्होप्रोस्ट आणि बिमॅटोप्रोस्ट आली. ही औषधे द्रवाला डोळ्याच्या स्नायूंमधून निघून जाण्याची दुसरी वाट मोकळी करून देतात. रात्री एकच थेंब घातला तरी दाब सुमारे चतुर्थांश ते तृतीयांश उतरतो.

पापण्यांचे केस इथे कथेत येतात. लॅटॅनोप्रोस्ट बाजारात येऊन वर्ष होते न होते तोच, १९९७ साली, एका अमेरिकन डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या पापण्यांचे केस लांब, जाड आणि काळे होत असल्याची नोंद प्रसिद्ध केली. पापणीच्या प्रत्येक केसाला वाढीचा एक छोटा काळ आणि विश्रांतीचा मोठा काळ असतो. हे औषध वाढीचा काळ लांबवते. ज्याला आम्ही दुष्परिणाम म्हणत होतो, त्यातच बिमॅटोप्रोस्टच्या कंपनीला दुसरे औषध दिसले. डिसेंबर २००८मध्ये ०.०३ टक्के बिमॅटोप्रोस्टला विरळ पापण्यांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यासाठीच्या चाचणीत २७८ जण होते; १६ आठवड्यांनी औषध लावणाऱ्यांपैकी सुमारे ७८ टक्क्यांच्या पापण्या ठळकपणे सुधारल्या आणि नुसते द्रावण लावणाऱ्यांपैकी १८ टक्क्यांच्या. ज्यांच्या पापण्या खरोखर विरळ आहेत, त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते वापरण्याला माझा विरोध नाही. माझी तक्रार निराळी आहे, आणि ती एका आजींच्या निमित्ताने सांगतो.

साखर पेठेतल्या या आजींनी आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने, आणि हात असे चालायचे की डोळ्यांची गरजच नसावी. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला तेव्हा दाब २८ होता. रात्रीच्या एका थेंबावर तो १७ वर आला आणि बरीच वर्षे तिथेच राहिला. मग एका तपासणीत तो २५ निघाला, पुढच्या वेळी २६. मी विचारले, “आजी, थेंब घालता ना?” आजी दुखावल्याच. “घालतीय की डॉक्टर, एक दिस चुकवला न्हाई.” खोटे बोलणारी बाई नव्हे ती. औषध बदलावे की शस्त्रक्रिया सुचवावी या विचारात मी यंत्रातून त्यांचा डोळा पाहत होतो, आणि अचानक लक्षात आले की आजींच्या पापण्यांचे केस आखूड आणि विरळ आहेत. हे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्याच्या पापण्या सहसा अशा दिसत नाहीत.

शेजारच्या स्टुलावर त्यांची नात बसली होती. लग्न दोन महिन्यांवर आलेले. तिच्या पापण्यांचे केस भुवईकडे वळलेले, दाट, काळेभोर. आणि वरच्या पापणीच्या कडेने एक काळसर रेघ, जी मी कापसाने पुसून पाहिली तरी निघाली नाही, कारण ती काजळाची नव्हतीच. कातडीच काळवंडली होती. मी बाटली मागितली. आईच्या पर्समधून निघालेली बाटली महिना अर्धा व्हायच्या आत रिकामी झालेली होती. ब्यूटी पार्लरमध्ये कुणीतरी सांगितले होते की आजीचेच औषध रोज रात्री ब्रशने पापणीला लावायचे, वेगळे महागडे आणायची गरज नाही. नवी बाटली पगाराच्या तारखेलाच यायची. मधले दिवस आजी रिकामी बाटली डोळ्यावर उलटी धरून दाबीत. गार हवेचा झोत डोळ्याला लागे आणि त्यांना वाटे, थेंब पडला.

मुलगी तिथेच रडली. तिला मी काही बोललो नाही. तिला हे औषध आजीच्या नजरेचे आहे असे कुणी सांगितलेच नव्हते. मला राग येतो तो सल्ला देणाऱ्यांचा, आणि चिठ्ठी न पाहता हीच बाटली “पापण्यांसाठी ना?” असे विचारून काउंटरवर ठेवणाऱ्या दुकानदारांचा. आजींच्या उजव्या डोळ्याची नाकाकडची थोडी नजर त्या काळात गेली, ती गेलीच.

तेव्हापासून मी काचबिंदूच्या प्रत्येक रुग्णाच्या पापण्या बारकाईने पाहतो, आणि आज मला सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच. या आजारात काहीच दुखत नाही आणि औषधाचा खरा फायदाही डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती फक्त पापणी. अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यातले एक गृहस्थ दोन्ही डोळ्यांसाठी दिलेले औषध पुरवून पुरवून फक्त उजव्या डोळ्यात घालत होते. त्यांनी सांगितले नाही, पण उजव्या आणि डाव्या पापणीतला फरक दारातूनच दिसत होता. पापण्या वाढल्या म्हणून घाबरून थेंब बंद करणारे रुग्णही मला भेटतात. त्यांना मी विनवतो की केस कात्रीने कापू नका, उपटू नका आणि औषध तर मुळीच सोडू नका. ते केस म्हणजे तुम्ही औषध नीट घेत असल्याचा पुरावा आहे. (श्रोत्यांपैकी काही जण एकमेकांच्या पापण्या पाहू लागतात.) पाहा, जरूर पाहा, काल रात्री कुणाचा थेंब चुकला ते मात्र मला पुढच्या तपासणीत कळेलच.

ज्यांना आजार नाही त्यांच्याविषयीही सांगायला हवे. या थेंबांनी डोळे लाल होतात, पापणीची कातडी काळवंडते, आणि वर्षानुवर्षे वापरले तर डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन वरची पापणी खोल जाते. बुबुळाचा रंग गडद झाला तर तो कायमचा. आपल्या तपकिरी डोळ्यांत तो पटकन लक्षात येत नाही, इतकेच. थेंब थांबवले की काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, केस पुन्हा पहिल्यासारखे. पापण्यांच्या काही सीरममध्येही याच जातीचे आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट असते. असे काही लावत असाल तर डोळ्याच्या डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्याने दाबाचा आकडा बदलू शकतो. शिवाय लांब पापणी म्हणजे उत्तम पापणी, हेही खरे नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१५ साली २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असली की डोळ्यावरचा वारा आणि धूळ सर्वांत कमी होते, त्याहून लांब झाले की वारा उलट डोळ्याकडे वळतो. आपल्या सोलापूरच्या उन्हाळी वाऱ्यात ही गोष्ट लहान नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, म्हणून पत्रिकेवरचा विषय आता भराभर सांगतो. रोज घालण्याचा उपयोग होतो का, असे विचारणाऱ्यांसाठी : ब्रिटनमध्ये ५१६ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत लॅटॅनोप्रोस्ट घालणाऱ्यांची नजर, औषध नसलेले थेंब घालणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त टिकली. लॅटॅनोप्रोस्टसारखे थेंब रात्री घाला, रोज त्याच वेळी, आणि एकच. डोळ्यात दुसऱ्या थेंबाला जागा नसते, तो गालावर येतो. ही औषधे दिवसातून दोनदा घातली तर परिणाम वाढत नाही, कमी होऊ शकतो. खालची पापणी ओढून खोबणीत थेंब सोडा, बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नका, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबा, आणि बाहेर आलेले औषध लगेच पुसा. ते न पुसल्यास कातडी काळी पडू शकते. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या.

लॅटॅनोप्रोस्टची न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवा आणि उघडलेली सहा आठवड्यांत टाकून द्या. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा देवघरातल्या फळीवर किंवा गाडीच्या डिकीत ती ठेवू नका. दमा असेल तर आधी सांगा. डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब स्वतःहून आणू नका, त्यांनी दाब वाढतो. बाटली उलटी करून दाबली आणि डोळ्याला नुसता गार झोत लागला, तर ती संपली आहे. पगाराची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा, औषध स्वस्तात मिळवून देण्याचे मार्ग असतात. आणि ज्यांना काचबिंदू आहे त्यांच्या सख्ख्या भावंडांनी व मुलांनी चाळिशीनंतर दाब आणि नस दोन्ही तपासून घ्यावे; आज बाहेर टेबलावर नावे लिहून घेतली जात आहेत.