नवी गाडी येण्याआधी आगारात

नमस्कार, श्रोतेहो.

1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. बेडफर्डची गाडी होती, लाकडी बॉडीची. बरोबर 74 वर्षांनी, 1 जून 2022 ला, त्याच मार्गावर विजेवरची 'शिवाई' धावली. बारा मीटर लांब, वातानुकूलित, 43 आसनांची. दोन्ही वेळा फोटो निघाले ते गाडीचे. आगाराचा फोटो कुणी काढत नाही, आणि नवी गाडी वर्षभरात जुनी होते ती मात्र तिथेच. म्हणून आज फाटकाच्या आत जाऊ.

आधी साधं गणित. शिवाईच्या बॅटरीत सुमारे 320 युनिट वीज मावते. बॅटरी तळापर्यंत उतरवायची नसते. वीस टक्के शिल्लक ठेवले की हाताशी 255 युनिट उरतात. एसी लावून भरलेली गाडी किलोमीटरला एक ते सव्वा युनिट खाते. पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, साधारण 120 किलोमीटर. जाऊन-येऊन 240. जाहीर पल्ला 250 किलोमीटरचा आहे, म्हणजे कागदावर गाडी परत येते. पण मे महिन्याचं ऊन, वाघोली-शिक्रापूरची कोंडी आणि सगळ्या सीटा भरलेल्या असल्या की ती शेवटच्या वीस टक्क्यांत शिरते. म्हणून पलीकडच्या टोकाला पाऊण तासाचं चार्जिंग वेळापत्रकातच बसवावं लागतं. ते न बसवता डिझेलच्या गाडीची नियतं, म्हणजे दिवसाच्या फेऱ्यांचा ठरलेला क्रम, जशीच्या तशी विजेच्या गाडीला लावली, तर दुपारनंतरच्या फेऱ्या रद्द होऊ लागतात आणि दोष बॅटरीवर जातो.

आता आगारात 20 विजेच्या गाड्या आहेत असं धरा. प्रत्येकीचे रोज 300 किलोमीटर, म्हणजे गाडीमागे साधारण 350 युनिट. त्यातले शंभर वाटेतल्या थांब्यावर भरले, तर रात्री आगारात 250 भरायचे उरतात. वीस गाड्यांचे 5,000. गाड्या रात्री 11 ला आत येणार आणि पहाटे 5 पासून बाहेर पडणार. सहा तासांत 5,000 युनिट भरायचे तर सरासरी 830 किलोवॅट भार येतो, गळती धरून नऊशेच्या आसपास. हे काम गल्लीतल्या रोहित्राचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, नाही. 11 किंवा 22 केव्हीची उच्चदाब जोडणी लागते आणि आगाराचं स्वतःचं उपकेंद्र लागतं. तिथे एकच मोठं रोहित्र बसवू नये. हजार-हजार केव्हीएची दोन बसवावीत. एक जळालं तरी बहुतेक गाड्या पहाटे सुटतात. गाव लहान असेल तर महावितरणच्या फीडरवर एवढा भार शिल्लक असतोच असं नाही, नवी वाहिनी ओढावी लागते. जोडणीचा अर्ज गाड्यांच्या ऑर्डरबरोबरच गेला पाहिजे. गाड्या दारात आल्यावर अर्ज केला की त्या महिनोन् महिने ताडपत्रीखाली उभ्या राहतात.

चार्जर किती? 120 किलोवॅटचे, प्रत्येकी दोन गनचे दहा पुरतात, अकरावा राखीव ठेवावा. गन म्हणजे गाडीच्या सॉकेटात बसवायचा प्लग. सहा तास हातात असताना 240 किलोवॅटचे घेण्यात पैसे वाया जातात. मोठे चार्जर मार्गावरच्या पाऊण तासाच्या थांब्यासाठी. आणि सगळ्या गाड्या अकराच्या ठोक्याला पूर्ण जोरात जोडल्या तर वीज कंपनीने मंजूर केलेली भाराची मर्यादा ओलांडली जाते आणि बिलात दंड येतो. त्यासाठी भार वाटून देणारी यंत्रणा चार्जरसोबतच घ्यावी. पहाटे पाचची गाडी आधी, आठची नंतर, असा क्रम ती लावते. हा क्रम वहीत लिहून रात्रपाळीच्या माणसाने गन बदलत फिरायचं, हा उपाय आठवडाभर चालतो.

चार्जर बिघडतात तेही फार मोठ्या कारणांनी नाही. गाडीचं सॉकेट एका ठरावीक बाजूला असतं, गनची केबल चार-पाच मीटरची. गाडी उलटी लागली की केबल ताणली जाते, जमिनीवर पडते आणि शेजारच्या गाडीचं चाक तिच्यावरून जातं. गन फुटली की नवी येईपर्यंत तो पॉइंट बंद. यावर उपाय म्हणजे जमिनीवर रंगवलेले पट्टे, मागे सिमेंटचे चाकरोधक आणि केबल वर टांगणारा हात. दुसरं कारण धूळ. आगाराचं मैदान डांबरी नसेल तर चार्जरच्या हवेच्या जाळ्या पंधरा दिवसांत बुजतात, आतलं तापमान वाढतं आणि चार्जर आपोआप जोर कमी करतो. सकाळी गाडी साठ टक्क्यांवर मिळते आणि कारण कुणालाच कळत नाही.

कोकणात आणखी एक गोष्ट. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या आगारात पुराचं पाणी शिरलं आणि गाड्या पाण्यात बुडाल्या. डिझेलची गाडी धुऊन-पुसून, ऑइल बदलून पुन्हा उभी करता येते. चार्जर आणि उपकेंद्र नाही करता येत. त्यामुळे अशा ठिकाणी चौथऱ्याची उंची माहीत असलेल्या पूररेषेच्या वर अर्धा मीटर तरी हवी. ठेकेदाराचा ठरावीक नकाशा सगळीकडे चालत नाही.

घाटाकडे वळू. सातारा जिल्ह्यात वाई आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत सहाशे मीटरहून जास्त फरक आहे. सतरा टनांची भरलेली गाडी सहाशे मीटर वर चढवायला, सपाट रस्त्यावरच्या खर्चाशिवाय, जवळपास 28 युनिट लागतात. मोटरमधली घट धरली तर 33. उतरताना त्यातला बराच भाग परत मिळतो, कारण उतारावर मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि गाडीही आवरते. पण मेख इथेच आहे. महाबळेश्वरला बॅटरी शंभर टक्के भरून गाडी पसरणी घाटात सोडली, तर परत येणारी वीज ठेवायला बॅटरीत जागाच नसते. मोटरचा ब्रेक लागत नाही आणि सगळा भार हवेच्या ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात. म्हणून घाटमाथ्यावर 85 ते 90 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचं आणि हे चालकाच्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी सांगायचं. डिझेलच्या गाडीवर वीस वर्षं काढलेल्या चालकाला टाकी भरलेली असणं ही चांगलीच गोष्ट वाटते. त्यात त्याची चूक नाही.

विजेच्या गाड्या कितीही आल्या तरी आज एसटीचा मोठा ताफा डिझेलचाच आहे. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी चालू राहत नाही, त्यामुळे जुन्या लालपरीच्या जागी बीएस-सहाच्या, म्हणजे धुराचे नवे कडक नियम पाळणाऱ्या, गाड्या घ्याव्याच लागतात. या गाडीत दोन नव्या गोष्टी आहेत. एक, ॲडब्लू. धुरातले विषारी वायू कमी करणारं, 32.5 टक्के युरियाचं हे द्रावण डिझेलच्या चार-सहा टक्के लागतं, म्हणजे 65 लिटर डिझेल जळालं तर साधारण तीन लिटर. निळ्या झाकणाची टाकी, वेगळी नरसाळी, वेगळा कॅन. एकदा डिझेलचं नरसाळं त्यात गेलं की पंप आणि सील बदलावे लागतात. पाणी घालून वेळ मारून नेली तर संगणक ओळखतो आणि इंजिनाची ताकद कमी करतो. गाडी घाटात रांगायला लागते.

दुसरी गोष्ट धुराची गाळणी. तिच्यात काजळी साठते आणि ती जाळायला साडेपाचशे अंशांच्या वर उष्णता लागते. पुणे-कोल्हापूर धावणाऱ्या गाडीत ती महामार्गावर आपोआप जळते. पण दर दोन किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीत धुराडं पुरेसं तापतच नाही. दिवा लागतो, चालक दुर्लक्ष करतो, कारण फेरी पूर्ण करायची असते. चौथ्या दिवशी गाडी रस्त्यात उभी. आगारात उभं करून वीस ते चाळीस मिनिटं गाळणी जाळण्याचं काम ठरावीक वारी लावलं की असे मार्गस्थ बिघाड पुष्कळ कमी होतात. शक्य असेल तर अशा गाडीला आठवड्यातून एक लांबची फेरी द्यावी.

बॉडीबद्दल थोडक्यात. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत जुन्या ॲल्युमिनियमच्या जागी पोलादी सांगाड्याच्या बॉडी बांधल्या जाऊ लागल्या. अपघातात पोलादी सांगाडा जास्त टिकतो. पण खिडकीखालच्या पट्टीत पाणी साचलं की तो आतून गंजतो. पाणी निघायची छिद्रं पावसाळ्याआधी तारेने मोकळी करायला एका माणसाला एका गाडीमागे पंधरा मिनिटं लागतात. छत गळतं तेही बहुधा सांध्यातला सीलंट उन्हाने तडकल्यामुळे, पत्र्यामुळे नव्हे.

आता प्रवाशाकडच्या यंत्राचं बोलू. वाहकाकडच्या तिकीट मशीनमधून कोण कुठे चढलं, कुठे उतरणार, हे टप्प्यानुसार मिळतं. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च 2023 पासून महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे. मोफत असला तरी शून्य रुपयांचं तिकीट निघालंच पाहिजे. सरकारकडून प्रतिपूर्ती त्या तिकिटावर मिळते, आणि त्या फेरीचं भारमानही, म्हणजे गाडी किती भरली हेही, त्यावरूनच ठरतं. आजोबा ओळखीचे आहेत म्हणून तिकीट फाडलं नाही, तर कागदावर ती गाडी रिकामी धावते. रिकाम्या गाडीची फेरी आधी बंद होते. तेव्हा आजोबांनी तिकीट मागून घ्यावं.

शेवटी मुक्कामी गाडी. संध्याकाळी गावात जाते, रात्री देवळापाशी उभी राहते, सकाळी कॉलेजची मुलं आणि दुधाचे कॅन घेऊन तालुक्याला येते. गावात चार्जर नाही, म्हणून ही गाडी विजेची करता येणार नाही असं सरसकट मानलं जातं. गणित वेगळं सांगतं. आगारापासून गाव 35 किलोमीटर, जाऊन-येऊन 70. नऊ मीटरच्या गाडीला एवढ्यासाठी 60-70 युनिट पुरतात. ही गाडी रात्री आगारात नसते हे खरं, पण दुपारी 12 ते 3 भारमान पडलेलं असतं आणि तेव्हा ती आगारातच उभी असते. त्या तीन तासांत चार्जरही रिकामे असतात. चार्जिंगचं वेळापत्रक लावताना रात्रीच्या वीस गाड्यांच्या खाली दुपारची एक ओळ वाढवायची आणि तिथे मुक्कामाच्या गावांची नावं लिहायची.