मागावरची पहिली मजुरी

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट सुरू असतो आणि इकडे स्टेशनावरून पुण्याला निघालेल्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये कामाच्या शोधात जाणारी याच शहरातली तरुण मुले बसलेली असतात.

किमान वेतन वाढवले की तरुणांची बेकारी वाढते, असे नेहमी सांगितले जाते. नवशिक्याच्या हातून माल कमी निघतो. त्यालाही ठरलेले वेतन द्यावे लागणार असेल, तर मालक अनुभवी माणूसच ठेवेल, हा त्यामागचा तर्क आहे आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने १९९२मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तेथील फास्ट फूड दुकानांची तुलना शेजारच्या पेनसिल्व्हेनियातील दुकानांशी केली आणि त्यांना रोजगार घटलेला आढळला नाही. पुढे इतर अभ्यासकांनी पगारपत्रके तपासून या निष्कर्षाला आव्हान दिले. ब्रिटनने १९९९मध्ये प्रौढांसाठी ३.६० पौंड आणि १८ ते २१ वर्षांच्या तरुणांसाठी ३ पौंड असा वेगळा दर ठेवला, तो याच भीतीपोटी.

सोलापुरात मात्र हिशेब ताशी नसतो. मागावर जेवढा माल विणला जाईल तेवढी मजुरी; घरी विड्या वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे मजुरी. अशा पद्धतीत नवशिक्याच्या संथपणाची किंमत मालकाला फारशी मोजावी लागत नाही. ती त्या मुलाच्याच हातातून जाते. दिवसभर उभे राहून, तुटलेले धागे जोडत, अनुभवी कामगाराच्या निम्मीही मजुरी पदरात पडली नाही, तर तो परत कशाला येईल? म्हणूनच, इथल्या तरुणांना वाढीव किमान वेतनाने कारखान्याबाहेर ठेवले आहे, असे मला वाटत नाही. त्यांना पहिल्या महिन्यांतली तुटपुंजी मजुरी बाहेर काढते.

देशात २०२३-२४च्या श्रमबल पाहणीनुसार १५ ते २९ वयोगटातील बेकारी १०.२ टक्के होती, तर एकूण बेकारी ३.२ टक्के. नगावर काम करणाऱ्यालाही वेळेनुसार किमान वेतनाची हमी देता येईल, अशी तरतूद १९४८च्या किमान वेतन कायद्यात होती. शिकण्याच्या काळात ही हमी प्रत्यक्ष मिळायला हवी, आणि लहान कारखानदाराला तो भार एकट्याने पेलत नसेल, तर शासनाने त्यातला वाटा उचलायला हवा. आज तो सगळा भार शिकणाऱ्या मुलाचे घर उचलते, आणि त्या घरात बहुधा आईच्या विड्यांची मजुरी असते.