मार्कस: रोममधलं घरोघरचं नाव

इ.स.पू. ४४, मार्चची १५ तारीख. रोममध्ये ज्युलियस सीझरचा नुकताच खून झालाय. रक्ताने माखलेला खंजीर वर धरून ब्रूटस एका वयस्कर माणसाचं नाव मोठ्याने घेतो, नामांकित वक्ता सिसेरोचं. सीझरचा जवळचा माणूस अँटनी जीव वाचवायला पळालाय, शहराला लागूनच लेपिडस आपलं सैन्य घेऊन बसलाय, आणि तिकडे समुद्रापलीकडे अपोलोनियात सीझरचा वारस ऑक्टेव्हियन आहे, सोबत त्याचा जिवाभावाचा दोस्त अग्रिप्पा.

ब्रूटस, सिसेरो, अँटनी, लेपिडस, अग्रिप्पा. पुढच्या १५ वर्षांत रोमचं काय होणार हे ज्यांच्या हातात होतं, त्यातले हे पाच, आणि पाचही जणांचं नाव एकच. मार्कस.

(ब्रूटस नंतर दत्तक गेला म्हणून कागदोपत्री त्याचं नाव बदललं होतं, पण जन्मनाव मार्कसच, आणि लोकांच्या तोंडीही तेच राहिलं.)

आता हा योगायोग वाटेल, पण त्या काळच्या रोममध्ये यात नवल काहीच नव्हतं. नेहमीच्या वापरात पुरुषांची पहिली नावं होती जेमतेम दीड डझन. गायस, लुसियस, पब्लियस, क्विंटस, टायटस, आणि आपला मार्कस, जो मार्स या युद्धदेवाच्या नावाशी जोडला जातो. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं असतं तसं तिकडे मुलाचं नाव नवव्या दिवशी ठेवायचे, पण नाव शोधायची दगदगच नाही, कारण थोरल्याला बहुतेक वेळा बापाचंच नाव मिळायचं. सिसेरोचे आजोबा मार्कस, वडील मार्कस, तो स्वतः मार्कस, त्याचा मुलगाही मार्कस. मुलीचं काय? टुलियस कुळातली म्हणून ती टुलिया, बास. बहुतेक मुलींना स्वतःचं असं पहिलं नाव मिळायचंच नाही, आणि हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण सिसेरोची पत्रं बघितली तर त्याचा या मुलीवर किती जीव होता ते कळतं.

नावं इतकी कमी की दगडावर कोरताना कुणी ती पूर्ण लिहीतच नसे. रोमन लिपीतलं एम हे एकच अक्षर आणि पुढे एक ठिपका, झालं, वाचणाऱ्याला कळायचं की हा मार्कस. त्याच अक्षराला बाजूला एक छोटीशी रेघ जास्त असली तर तो मार्कस नाही, मॅनियस. एका रेघेत माणूस बदलायचा.

पण मला या नावाबद्दल खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. रोममध्ये हे नाव त्या माणसाच्या मालकीचं नसायचं, ते असायचं घराण्याचं, आणि म्हणून माणसाने काही भयंकर केलं, किंवा केलं असं ठरवलं गेलं, तर शिक्षा नावालाही व्हायची.

यातली सगळ्यात जुनी गोष्ट मार्कस मॅनलियसची. परंपरेने साल सांगतात इ.स.पू. ३९०. गॉल लोकांनी रोम शहर घेतलंय, फक्त कॅपिटोल टेकडी उरलीय. रात्री शत्रू गुपचूप कडा चढून वर येतोय, पहारेकरी झोपलेत, कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत, पण जूनो देवीच्या देवळातले हंस कलकलाट करतात. मॅनलियस जागा होतो, धावत जातो, वर पोचलेल्या पहिल्या गॉलला ढालीने खाली ढकलतो आणि टेकडी वाचते. हाच मॅनलियस काही वर्षांनी कर्जात बुडालेल्या गरिबांच्या बाजूने उभा राहिला, स्वतःचे पैसे घालून त्यांना सावकारांच्या तावडीतून सोडवायला लागला. झालं, त्याच्यावर आरोप आला की याला राजा व्हायचंय. रोममध्ये याहून मोठा गुन्हा नव्हता. त्या वेळचा सगळ्यात वजनदार माणूस आणि मॅनलियसचा प्रतिस्पर्धी होता कॅमिलस, तोही मार्कसच. इ.स.पू. ३८४ मध्ये मॅनलियसला टार्पियन कड्यावरून खाली लोटून मारलं, म्हणजे जी टेकडी त्याने वाचवली त्याच टेकडीवरून. लिव्ही हा इतिहासकार पुढे सांगतो की मॅनलियस कुळाने ठराव केला, यापुढे आपल्यात कुणाचंही नाव मार्कस ठेवायचं नाही.

स्वतःच्या घरच्यांनी हे केलं. तो खरंच राजा व्हायला निघाला होता का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात, पण कर्जदारांची बाजू घेणाऱ्या माणसाचं नाव घराण्यातून असं पुसलं जावं हे मला तरी पटत नाही.

आता परत येऊ त्या पाच मार्कसांकडे.

सीझर गेल्यावर सिसेरोने अँटनीवर तोफ डागली. एकामागून एक भाषणं, त्यातली १४ आज आपल्याकडे आहेत, आणि त्यातलं दुसरं तर इतकं जहाल की ते त्याने सिनेटमध्ये केलंच नाही, नुसतं लिहून काढलं. अँटनीने ते विसरणं शक्यच नव्हतं. इ.स.पू. ४३ च्या शेवटी अँटनी, लेपिडस आणि ऑक्टेव्हियन एकत्र आले, त्यांनी मारायच्या माणसांची यादी काढली आणि त्यात सिसेरोचं नाव होतं. ७ डिसेंबरला फॉर्मियाजवळच्या त्याच्या घरापाशी, पालखीतून समुद्राकडे निघालेला असताना मारेकऱ्यांनी त्याला गाठलं. त्याचं डोकं आणि ती भाषणं लिहिणारा हात रोमला आणून फोरम या मुख्य चौकातल्या भाषणाच्या चौथऱ्यावर लावले, जिथून तो आयुष्यभर लोकांशी बोलला त्याच जागी.

पुढच्याच वर्षी फिलिपीच्या लढाईत हरल्यावर ब्रूटसने स्वतःचा जीव घेतला. लेपिडस हळूहळू बाजूला फेकला गेला. उरले अँटनी आणि ऑक्टेव्हियन, आणि त्यांचा निकाल लागला २ सप्टेंबर इ.स.पू. ३१ ला अ‍ॅक्टियमच्या समुद्रात. ऑक्टेव्हियनचं आरमार चालवत होता अग्रिप्पा. म्हणजे एका मार्कसला हरवलं ते दुसऱ्या मार्कसने. रोमच्या पँथिऑन या देवळावर आजही ठळक अक्षरात त्याचं नाव आहे, सुरुवातीला तेच एकटं अक्षर, मग अग्रिप्पा, आणि पूर्ण ओळीचा अर्थ असा की लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल (रोमचं वर्षभराचं सर्वोच्च पद) असताना हे बांधलं. खरं तर त्याने बांधलेली इमारत पुढे जळाली आणि आज दिसते ती सम्राट हेड्रियनच्या काळात पूर्ण झालेली आहे, पण नाव त्याचंच ठेवलं.

आणि आता तो भाग, ज्यासाठी मला ही सगळी गोष्ट सांगाविशी वाटते. सिसेरोचा मुलगा मार्कस बाप मारला गेला तेव्हा ग्रीसमध्ये ब्रूटसच्या सैन्यात होता, म्हणून वाचला. नंतर त्याला माफी मिळाली आणि इ.स.पू. ३० मध्ये ऑक्टेव्हियनने त्याला कॉन्सल केलं. इतिहासकार अप्पियन लिहितो की अँटनीच्या पराभवाचं पत्र लोकांसमोर वाचलं ते याच मुलाने, आणि ते लावलं त्याच चौथऱ्यावर जिथे बापाचं डोकं लावलं होतं. चरित्रकार प्लुटार्क सांगतो की त्याच्याच कारकिर्दीत सिनेटने अँटनीचे पुतळे पाडले आणि ठराव केला, यापुढे अँटोनियस कुळात कुणी मार्कस असणार नाही. एका मार्कसच्या कारकिर्दीत दुसऱ्याच्या घराण्यातून मार्कस हे नाव काढून टाकलं गेलं. कॉन्सलांच्या कोरलेल्या यादीतूनही अँटनीचं नाव खोडलं होतं, नंतर ते परत कोरलं. रक्त मात्र ठरावाने थांबत नाही, पुढे झालेले तीन सम्राट, कॅलिग्युला, क्लॉडियस आणि नीरो, मुलींच्या बाजूने याच अँटनीचे वंशज होते.

नाव जसं काढून घेतलं जायचं तसं ते दिलंही जायचं. सिसेरोचा एक गुलाम होता, टायरो. मालक बोलेल ते भराभर उतरवून घेणारा, त्याचे कागद सांभाळणारा, आणि जो आजारी पडला की सिसेरो काळजीने पत्रावर पत्र पाठवायचा, घाई करू नकोस, आधी बरा हो. इ.स.पू. ५३ मध्ये सिसेरोने त्याला मुक्त केलं आणि रिवाजाप्रमाणे तो झाला मार्कस टुलियस टायरो. मालकाच्या मृत्यूनंतर त्याचं लिखाण जपण्यात या माणसाचा मोठा वाटा होता.

यानंतर मार्कस बरेच आहेत, कवी मार्शल, वक्तृत्व शिकवणारा क्विंटिलियन, सम्राट ट्राजन, पण जगाच्या लक्षात राहिला तो सम्राट मार्कस ऑरेलियस. इ.स. १२१ चा जन्म, बाप लहानपणीच गेला, तोही मार्कसच. दत्तक जाऊन पुढे सम्राट होईपर्यंत त्याचं बाकी सगळं नाव बदललं, एवढं पहिलं तेवढं राहिलं. रोगाची साथ आणि युद्धं यात त्याची कारकीर्द गेली, आणि डॅन्यूब नदीकाठच्या छावण्यांमध्ये तो ग्रीकमध्ये स्वतःसाठी टिपणं लिहीत राहिला. त्याची सुरुवात उपदेशाने होतच नाही, आजोबांकडून काय शिकलो, आईकडून काय, कुठल्या शिक्षकाने काय दिलं, अशी एकेकाची आठवण काढत तो जातो. मला ती पानं सगळ्यात जास्त आवडतात. १८० मध्ये तो गेला आणि गादीवर आलेला मुलगा कॉमोडस, ज्याचं नाव लुसियस होतं, त्याने लगेच बापाचं मार्कस लावलं, आणि पुढे ११ वर्षांनी ते सोडून परत लुसियस झाला.

त्या घराण्याशी काहीही नातं नसलेल्या सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसनेही आपल्या मुलाला हेच नाव दिलं, मार्कस ऑरेलियस अँटोनिनस. आपण त्याला कॅराकॅला म्हणून ओळखतो. त्याने इ.स. २१२ मध्ये साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या मुक्त लोकांना नागरिकत्व दिलं आणि नवे नागरिक सम्राटाचं नाव लावायला लागले. त्यानंतरच्या इजिप्तमधल्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यासारख्या झाडापासून केलेल्या कागदावर, जमिनीचे करार असोत की कराच्या पावत्या, साधे शेतकरी आपल्या इजिप्शियन नावाच्या आधी ऑरेलियस लावताना दिसतात, कुणीकुणी त्याच्याही आधी मार्कस.