कापसाचा काटा आणि क्ष

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल जवळ घ्या, आणि घरात सहावी-सातवीतलं पोर असेल तर त्यालाही हाक मारा.

कापसाने भरलेली ट्रॉली काट्यावर चढली, वजन आलं 2,850 किलो. माल उतरवल्यावर रिकाम्या ट्रॉलीचं वजन भरलं 1,400. कापूस किती? शेतकऱ्याच्या घरात हे तोंडी सांगतात. तेच पुस्तकात आलं की मुलं अडतात, कारण मांडणी त्यांना कुणी सावकाश दाखवलेली नसते. आपण दाखवू. कापसाचं वजन माहीत नाही, त्याला क्ष म्हणू. क्ष अधिक 1,400 बरोबर 2,850. आता दोन्ही बाजूंतून 1,400 वजा करा. डावीकडे क्ष एकटा उरला, उजवीकडे 1,450. म्हणजे साडेचौदा क्विंटल. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे मुलांना इतक्यात सांगू नका. दोन्ही बाजूंना सारखंच केलं, हे आधी डोक्यात बसू द्या.

खरी गोम शब्दांत असते. ‘आज कापसाचा भाव कालच्यापेक्षा 150 रुपयांनी जास्त, म्हणजे 7,350 रुपये क्विंटल. कालचा भाव काय?’ ‘जास्त’ दिसलं की मूल बेरीज करून 7,500 सांगतं. त्याला रागावू नका, विचारा: जास्त कोणता, आजचा की कालचा? मग वाक्य आहे तसंच लिहायला लावा. काल क्ष, त्यात 150 मिळवले, झाले 7,350. म्हणून क्ष 7,200. ताळा करा: 7,200 आणि 150, 7,350. जुळलं.

वेचणीचंही असंच. किलोला 10 रुपये, मजुरी मिळाली 480. किती किलो वेचला, तो क्ष. दहा गुणिले क्ष बरोबर 480. दोन्ही बाजूंना दहाने भागलं, 48 किलो.

हे बीजगणित आपल्याला परकं नाही, बरं का. चाळीसगावजवळ पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद आहे. अज्ञात संख्येला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणत, थोडक्यात ‘या’ लिहीत. आपण क्ष लिहितो, एवढंच.

आता हे तुम्ही सोडवा. भरताची वांगी सहा घरांत सारखी वाटली, दर घरी तीन किलो आली. एकूण वांगी किती? उत्तर लगेच सुचेल, तरी आधी समीकरण लिहा, मग उकल, आणि शेवटी ताळा.