पी-५३ : सोलापूरच्या एका प्रयोगशाळेतून

(दृश्य : यंत्रमाग कारखाना. मागांचा आवाज पूर्ण.)

सोलापूरचा पूर्व भाग. सकाळची पाळी. टॉवेलचे माग चालू आहेत आणि या खडखडाटात कामगार एकमेकांशी खुणांनीच बोलतात. आता डावीकडच्या मागाकडे लक्ष द्या. आडवा धागा, म्हणजे बाणा, तुटला आणि माग थांबला. कुणी बटण दाबलेलं नाही. मागाच्या कडेला एक छोटा काटा असतो. बाण्याचा धागा त्याला लागला नाही, की माग जागच्या जागी बंद पडतो. कामगार येतो, कांडी बदलतो, माग पुन्हा सुरू. तो काटाच मोडला, तर माग चालूच राहणार आणि कापड बिघडत जाणार.

आपल्या पेशींतही असं थांबवणारं काहीतरी आहे. पी-५३ नावाचं प्रथिन. ३९३ अमिनो आम्लांचं. पेशीच्या डीएनएत मोडतोड झाली, की पी-५३ तिचं विभाजन रोखतं आणि दुरुस्तीला वेळ मिळवून देतं. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर त्या पेशीला मरायला लावतं. अशा प्रथिनांना ट्यूमर सप्रेसर म्हणतात. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३चं जनुक बिघडलेलं सापडतं.

उरलेल्या कर्करोगांत जनुक शाबूत असतं, मग प्रथिन कुठे जातं? या प्रश्नाचं काम सोलापुरात चालतं.

(दृश्य : प्रयोगशाळेचा जिना, दार, पांढरा कोट चढवताना.)

इथलं संशोधन चालवणाऱ्या बाईंना विद्यार्थी नुसतं मॅडम म्हणतात. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, घरात तेलुगू, शाळेत मराठी. स्वतःबद्दल त्या एवढंच बोलल्या. कामाविषयी विचारलं, की मात्र खडू हातात घेतात.

(दृश्य : फळा. मॅडम आकृती काढताना.)

फळ्यावर आधी १९७९ लिहिलं गेलं. त्या वर्षी डेव्हिड लेन, अर्नोल्ड लेव्हिन आणि आणखी काही गटांना हे प्रथिन वेगवेगळ्या ठिकाणी सापडलं. लेन आणि लेव्हिन तेव्हा एसव्ही-४० या विषाणूवर काम करत होते; विषाणूच्या एका प्रथिनाला चिकटलेलं आणखी एक प्रथिन सतत सोबत येत होतं. कर्करोगाच्या पेशींत ते भरपूर दिसलं, म्हणून ते कर्करोग वाढवणारं असावं, असा समज झाला. हा समज जवळजवळ १० वर्षं टिकला. १९८९ मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन आणि लेव्हिन यांच्या गटांनी दाखवून दिलं, की तोवर ज्या नमुन्यांवर प्रयोग झाले, त्यांतलं जनुकच बिघडलेलं होतं. धड असलेलं पी-५३ गाठ वाढू देत नाही.

मॅडम हा भाग प्रत्येक नव्या तुकडीला शिकवतात आणि आम्हीही तो मुद्दाम पूर्ण ठेवला आहे. १० वर्षं जगातल्या उत्तम प्रयोगशाळा उलट्या दिशेने पाहत होत्या, आणि तिथून त्यांना वळवलं ते चिकाटीने पुन्हा केलेल्या प्रयोगांनी. संशोधनावर पैसा कशाला, असं विचारणाऱ्यांनी या १० वर्षांचा हिशेब करून पाहावा.

(दृश्य : बार्शीचा रस्ता, रुग्णालयाचं प्रवेशद्वार.)

बार्शी. सोलापूर जिल्ह्यातलंच. इथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाशी जोडलेली, देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली सुरू झाली. माणसं गावोगाव फिरली, घराघरांत बसली, तेव्हा कळलं की इथल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सगळ्यांत जास्त होता. जिल्ह्याचं दुखणं जिल्ह्यातच मोजलं गेलं. मॅडमचा प्रश्न या नोंदींतून आला.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा एचपीव्ही हा विषाणू असतो. त्यातही १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार. या शोधासाठी हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. हा विषाणू पेशीत शिरतो आणि ई-६ नावाचं स्वतःचं प्रथिन बनवतो. ई-६ पेशीतल्याच एका प्रथिनाला हाताशी धरून पी-५३वर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण चिकटवतं. अशी खूण लागलेली प्रथिनं पेशी मोडीत काढते. म्हणजे जनुक ठणठणीत, प्रथिन तयारही होतंय, पण टिकत नाही. त्याच विषाणूचं ई-७ हे प्रथिन आरबी या दुसऱ्या ट्यूमर सप्रेसरला निकामी करतं. दोन्हीकडून वाट मोकळी.

हे पुस्तकात आहे. डोळ्यांनी पाहायचं कसं?

(दृश्य : सोलापूर स्थानक, रात्र. थर्माकोलचा डबा घेऊन उतरणारी विद्यार्थिनी.)

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून पेशी आल्या आहेत. संध्याकाळी सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसने, मांडीवर डबा धरून. आत हेला पेशी आहेत. हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकी महिलेच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ मध्ये, तिला न विचारता घेतलेल्या. त्यांत एचपीव्ही-१८ आहे. त्या अजून वाढताहेत.

(दृश्य : इन्क्युबेटर, गुलाबी द्रावण, सूक्ष्मदर्शकातून पेशी.)

पेशींना ३७ अंश हवेत. सोलापूरचा मे महिना ४२-४३ अंशांचा. इन्क्युबेटर पेशींना ऊब देतो, त्यांना गार करणं त्याच्या हातात नाही, म्हणून या खोलीतला एसी उन्हाळाभर पेशींसाठी चालतो. वीज गेली तर काय, हा प्रश्न विचारेपर्यंत वीज गेली. हा बॅटरीचा आवाज त्याचा.

आता प्रयोग. दोन बशा, दोन्हींत त्याच पेशी. एका बशीत काहीच मिसळलेलं नाही. दुसरीत एमजी-१३२ हे रसायन घातलं आहे. ते पेशीतलं प्रथिनं मोडण्याचं यंत्र बंद पाडतं. काही तासांनी दोन्ही बशा बर्फावर येतात. पेशी खरवडून घ्यायच्या, फोडायच्या, प्रथिनं वेगळी करायची. इथे बोलणं बंद असतं, कारण बर्फाबाहेर गेलेलं प्रत्येक मिनिट प्रथिन खराब करतं.

(दृश्य : जेल. निळा रंग खाली सरकताना, जवळून.)

हे बघत राहावंसं वाटतं. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये जेलीसारखा पातळ थर, म्हणजे जेल, वर एवढेसे खळगे, त्यांत निळ्या रंगात मिसळलेला नमुना. वीज जोडली की लहान प्रथिनं भराभर खाली जातात, मोठी मागे रेंगाळतात. पी-५३चं खरं वजन सुमारे ४४ किलोडाल्टन (प्रथिनांचं वजन मोजायचं एकक), पण जेलमध्ये ते ५३च्या आसपास थांबतं. मग ही प्रथिनं जेलवरून एका पांढऱ्या पडद्यावर उतरवायची. लाल रंग टाकला, की सगळ्या रेषा दिसतात; धुतला, की जातात.

आणि ही, हो, दुधाचीच पावडर. साय काढलेल्या दुधाची. तिच्या द्रावणात पडदा बुडवतात, म्हणजे अँटिबॉडी, ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारं प्रथिन, नको तिथे चिकटत नाही. मग पी-५३ ओळखणारी अँटिबॉडी, रात्रभर, ४ अंशांत, डुलत्या फळीवर. सकाळी धुणं. पुन्हा धुणं. मग पहिलीला चिकटून तिची जागा दाखवणारी दुसरी अँटिबॉडी. पुन्हा धुणं.

(दृश्य : अंधारी खोली, पडद्यावर काळ्या रेषा उमटताना. निवेदन थांबवून मूळ आवाज.)

"मॅडम, आलाय की ओ बँड!"

डावीकडे, नुसत्या हेला पेशी : पी-५३ची रेष दिसेल न दिसेल अशी. उजवीकडे, एमजी-१३२ घातलेल्या : ठळक, काळीकुट्ट. खाली दोन्हीकडे ॲक्टिन या पेशींत नेहमी असणाऱ्या प्रथिनाची रेष सारखी आहे, म्हणजे नमुना कमीजास्त पडलेला नाही. प्रथिन तयार होत होतं. ते मोडलं जात होतं.

जगाला हे १९९० पासून माहीत आहे. सोलापूरच्या मुलींनी ते स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पडद्यावर पाहिलं, आणि पुढचं काम याच हातांनी व्हायचं आहे. ते पुण्या-मुंबईतच व्हावं, असं कुठे लिहिलेलं नाही. ई-६ची पी-५३वरची पकड सोडवणारं औषध अजून बाजारात आलेलं नाही.

तोवर चाचणी आहे आणि लस आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या रुग्णालयाने केलेल्या पाहणीत १,३१,७४६ बायका होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. तिशीनंतर ५ ते १० वर्षांनी एकदा ही चाचणी करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलींसाठी पुण्यात बनणारी सर्व्हावॅक ही लस आहे.

(दृश्य : फ्रीजर उघडताना, वाफ.)

मॅडमच्या गटाने आता सिहा नावाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्याच पेशी घेतल्या आहेत. त्यांत एचपीव्ही-१६ असतो, हेलात १८. दोन्हीकडे पी-५३ सारख्याच वेगाने मोडलं जातं का, हे पाहायचं आहे. नमुने उणे ८० अंशांत तयार आहेत. जेल सोमवारी लागेल.