चॅनल ३५: साप्पोरोच्या एचटीबीची वाटचाल

[दृश्य: बर्फाने झाकलेला तेइने डोंगर. माथ्यावर प्रक्षेपणाचे मनोरे.]

जपानच्या होक्काइदो बेटावरच्या साप्पोरो शहराच्या पश्चिमेला तेइने डोंगर आहे, उंची १,०२३ मीटर. १९७२च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या स्कीइंगच्या काही शर्यती याच उतारांवर झाल्या. साप्पोरोच्या घरांना मात्र तो रोजच लागतो, कारण शहरातल्या टीव्ही केंद्रांचे मनोरे त्याच्या माथ्यावर उभे आहेत. त्यातलंच एक एचटीबी, म्हणजे होक्काइदो टेलिव्हिजन. कंपनी १९६७च्या डिसेंबरमध्ये स्थापन झाली आणि ३ नोव्हेंबर १९६८ला प्रक्षेपण सुरू झालं.

जपानमध्ये जमिनीवरून प्रक्षेपण करणाऱ्या खासगी टीव्ही कंपनीला देशभराचा परवाना मिळत नाही, ठरलेल्या प्रदेशापुरताच मिळतो. म्हणून तोक्योतल्या मोठ्या कंपन्या गावोगावच्या स्वतंत्र कंपन्यांशी करार करतात आणि त्यातून जाळं उभं राहतं. होक्काइदोत हा प्रदेश म्हणजे अख्खं बेट: सुमारे ७८ हजार चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहून थोडं जास्त. लोकवस्ती मात्र जेमतेम ५० लाखांच्या आसपास, त्यातही साप्पोरोभोवती दाटलेली. अंतर प्रचंड आणि प्रेक्षक विरळ, हे गणित या केंद्राला कायमचं चिकटलं.

[दृश्य: जुन्या घरांच्या छपरांवरचे अँटेना.]

एचटीबी आलं तेव्हा साप्पोरोत एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेची दोन चॅनल होती आणि एचबीसी व एसटीव्ही ही दोन खासगी केंद्रं. चारही व्हीएचएफवर, म्हणजे लांब लहरींच्या पट्ट्यात. व्हीएचएफमध्ये १ ते १२ एवढीच चॅनल, आणि शेजारच्या केंद्रांशी टक्कर होऊ नये म्हणून तीही सगळी एका ठिकाणी वापरता येत नाहीत. म्हणून सरकारने नव्या कंपन्यांना यूएचएफ, म्हणजे त्याहून आखूड लहरींचा पट्टा दिला. एचटीबीच्या वाट्याला आलं चॅनल ३५, म्हणजे सुमारे ६०० मेगाहर्ट्झ.

प्रेक्षकाच्या घरात याचा अर्थ फार रोकडा होता. चॅनल १वरच्या एचबीसीची लहर सव्वातीन मीटरची, त्यामुळे अँटेनाची मुख्य दांडी साधारण १६० सेंटिमीटर. चॅनल ३५ला ती पुरती २५ सेंटिमीटर. जुना अँटेना इथे कामाचाच नाही. नवा अँटेना हवा, आणि टीव्ही जुना असेल तर कन्व्हर्टरचा डबाही हवा. शिवाय अँटेनापासून टीव्हीपर्यंत तेव्हा बऱ्याच घरांत दोन तारांची चपटी वायर असायची. ती ओली झाली की सिग्नल वाटेतच गळतो, आणि यूएचएफवर ही गळती जास्त. होक्काइदोच्या हिवाळ्यात वायरवर बर्फ वितळलं की चित्रावर मुंग्या. नव्या केंद्राला जाहिरातदार मिळवण्याआधी लोकांना छपरावर चढायला लावायचं होतं.

डोंगराच्या सावलीचा त्रास वेगळाच. तेइनेच्या माथ्यावरून समुद्रसपाटीवर सरळ रेषेत साधारण १३० किलोमीटर पोहोचता येतं, पण कागदावर. मध्ये डोंगररांगा आल्या की यूएचएफ त्यांना व्हीएचएफइतका वळसा घालत नाही. म्हणून हाकोदाते, असाहिकावा, ओबिहिरो, कुशिरो अशा शहरांसाठी वेगळी प्रक्षेपण केंद्रं, आणि त्यांच्याही पुढे दऱ्याखोऱ्यांत सिग्नल पुढे पोहोचवणारी छोटी रिले केंद्रं, असं एकेक करत जावं लागलं. त्यात डोंगरावरून आपटून आलेली लहर उशिरा पोहोचते. ३०० मीटरचा जादा फेरा म्हणजे एक मायक्रोसेकंद उशीर. तेवढ्याने पडद्याच्या रुंदीच्या साधारण पन्नासाव्या भागाइतकं सरकलेलं दुसरं चित्र दिसतं. यालाच घोस्ट म्हणायचे. अँटेना थोडा फिरवून बघणं, एवढाच त्यावर घरगुती इलाज.

सुरुवातीला एचटीबी तोक्योच्या दोन कंपन्यांचे कार्यक्रम दाखवत होतं: एनईटी, म्हणजे आजचं टीव्ही असाही, आणि फुजी. १९७२च्या एप्रिलमध्ये साप्पोरोत यूएचबी हे केंद्र निघालं, फुजी तिकडे गेलं, आणि एचटीबी असाहीच्या जाळ्यात पक्कं झालं.

जाळ्यात राहण्याचा हिशोब समजून घ्यायला हवा. देशभर दिसणाऱ्या कार्यक्रमाची जाहिरात तोक्योत विकली जाते आणि त्यातला वाटा स्थानिक केंद्राला मिळतो. दोन कार्यक्रमांच्या मधल्या सुट्या जाहिराती केंद्र स्वतः विकतं. तोक्योचा कार्यक्रम दाखवायला फारसा खर्च नाही. स्वतः कार्यक्रम करायचा तर कॅमेरा, गाडी, माणसं, संकलन, सगळं आपल्या खिशातून. म्हणूनच बहुतेक प्रादेशिक केंद्रं बातम्या आणि एखादा स्थानिक माहितीपर कार्यक्रम एवढ्यावर थांबतात. एचटीबी तिथे थांबलं नाही, आणि आमच्या मते या केंद्राच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा निर्णय तोच.

[दृश्य: मिनामी-हिरागिशी भागातली एचटीबीची जुनी इमारत. शेजारची टेकडीवरची बाग.]

१९९६च्या ऑक्टोबरमध्ये बुधवारी रात्री उशिरा एचटीबीचा ‘सुइयो दोदेशो’ हा प्रवासाचा कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावर दोघे: सुझुई ताकायुकी आणि त्या वेळी विद्यार्थी असलेला ओइझुमी यो. कॅमेऱ्यामागे दोघे: फुजिमुरा तादाहिसा आणि उरेशिनो मासामिची. प्रवासाला निघायचं ते याच चौघांनी. वेगळा कॅमेरामन नाही, ध्वनिमुद्रक नाही, दिवे नाहीत. लहान घरगुती व्हिडिओ कॅमेरा उरेशिनो स्वतः धरायचे.

पहिलाच खेळ असा: तोक्योत उभं राहून फासा टाकायचा. सहा आकड्यांना सहा गाड्या किंवा ठिकाणं नेमलेली. जो आकडा पडेल त्या वाटेने जायचं, तिथे पुन्हा फासा, असं करत साप्पोरोला परतायचं. रात्रीच्या बसमध्ये झोप नाही, पाठ धरलेली, आणि पुढच्या फाशाने घरापासून आणखी लांब. खर्च म्हणजे तिकिटं आणि टेप. कॅमेऱ्याजवळ बसलेल्या फुजिमुरांचा आवाज आणि हसणं ठळक ऐकू येतं. दुसऱ्या कार्यक्रमात हे कापून टाकलं असतं. इथे दिग्दर्शक आणि कलाकारांची वादावादी हाच कार्यक्रम झाला. सुरुवात-शेवटाचे तुकडे केंद्राशेजारच्या बागेत, चालत जाऊन चित्रित केलेले. डिसेंबर १९९९मध्ये या रात्रीच्या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांचं प्रमाण १८.६ टक्क्यांवर गेलं.

नियमित भाग २००२च्या सप्टेंबरमध्ये थांबले, अधूनमधून नवे येत राहिले. पण निर्मिती स्वतःची असल्यामुळे हक्कही घरातच होते. एचटीबीने हा कार्यक्रम इतर प्रांतांतल्या केंद्रांना विकला, पुढे डीव्हीडी काढल्या. तोक्योकडून येणाऱ्या वाट्यावर अवलंबून नसलेली कमाई प्रादेशिक केंद्राला फार क्वचित मिळते. १९९७पासून होक्काइदोविषयीचे कार्यक्रम उपग्रह वाहिनीवरून तैवानसारख्या ठिकाणीही पोहोचू लागले.

[दृश्य: नियंत्रण कक्ष. पडद्यांवर बर्फाळ रस्त्यांचे कॅमेरे.]

साप्पोरोत डिजिटल प्रक्षेपण १ जून २००६ला सुरू झालं आणि २४ जुलै २०११ला चॅनल ३५चं ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालं. आता रिमोटवर बटण ६, तेइनेवरून प्रत्यक्ष चॅनल २३. घोस्ट गेले, त्यांच्या जागी वेगळी अडचण आली. डिजिटलमध्ये सिग्नलच्या प्रत्येक तुकड्यामागे १२६ मायक्रोसेकंदांची राखीव फट असते. उशिरा आलेली लहर या फटीत बसली तर चालतं. लहर एवढ्या वेळात साधारण ३८ किलोमीटर जाते. त्यामुळे दोन रिले केंद्रं एकाच फ्रीक्वेन्सीवर चालवता येतात, पण त्यांच्या वेळा जुळवाव्या लागतात. उशीर फटीबाहेर गेला की चित्र हळूहळू बिघडत नाही. आधी चौकोन पडतात, मग पडदा काळा होतो.

६ सप्टेंबर २०१८, पहाटे ३ वाजून ७ मिनिटं. ६.७ तीव्रतेचा भूकंप. तोमातो-आत्सुमा औष्णिक केंद्र बंद पडलं आणि थोड्याच वेळात सगळ्या होक्काइदोची वीज गेली, जवळपास २९ लाख ५० हजार जोडण्या. केंद्रं जनरेटरवर चालू होती, पण घरातले टीव्ही बंद. एचटीबीने आपलं प्रक्षेपण इंटरनेटवरही सोडलं, म्हणजे फोनवर बातम्या दिसाव्यात. काहींना मोटारीतल्या पडद्यावर वन-सेग, म्हणजे फोन आणि मोटारींसाठीचं हलकं प्रक्षेपण मिळालं. चॅनलच्या १३ भागांपैकी हा एकच भाग, चित्र बारीक, पण कमकुवत सिग्नलमध्येही टिकणारा. बहुतेक ठिकाणी वीज परतायला दोन दिवस लागले. त्या काळात मुख्य प्रश्न फोनच्या बॅटरीचा होता.

त्याच महिन्यात एचटीबी मिनामी-हिरागिशी सोडून शहराच्या मध्यावर, सोसेइ स्क्वेअरमधल्या नव्या इमारतीत आलं.

[दृश्य: बर्फातून वर जाणारं साखळीच्या पट्ट्यांचं वाहन. रिले केंद्राची छोटी खोली.]

रिले केंद्रांचं काम मात्र कुठेच हललेलं नाही. हिवाळ्यात अँटेनावर बर्फ गोठलं, विशेषतः ते अर्धवट वितळून ओलं झालं, की पाठवलेल्या शक्तीचा काही भाग परत ट्रान्समीटरकडे येतो. यंत्र वाचवण्यासाठी संरक्षक सर्किट शक्ती कमी करतं, आणि खालच्या गावात चित्र तुटतं. मग कुणीतरी वर जावंच लागतं. गाव ओसरत चाललं तरी त्या वाटेचं अंतर तेवढंच राहतं आणि यंत्रं ठरावीक वर्षांनी बदलावीच लागतात. २०२३मध्ये जपानने प्रसारण कायदा बदलून एनएचके आणि खासगी कंपन्यांना रिले केंद्रं सामायिक वापरण्याची वाट मोकळी केली. एकच मनोरा, एकच वीजजोडणी, एकच बर्फातली फेरी, खर्च वाटून घेतलेला. होक्काइदोइतकी या सोयीची गरज जपानच्या फार थोड्या प्रदेशांना असेल.