गलबल्यातली मंगलाष्टके

[दृश्य: नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील एका लॉन्सचा मंच. समोरच्या खुर्च्या अजून रिकाम्या.]

मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा आहे आणि आता सकाळचे सव्वानऊ वाजले आहेत. फुलवाले मंचावर झेंडूच्या माळा ताणत आहेत, आचाऱ्याची माणसे मागच्या दाराने भगुणी उतरवत आहेत आणि या सगळ्या धांदलीत एक तरुण मंचाच्या मधोमध उभा राहून तीन वेळा जोरात टाळी वाजवतो व कान देऊन थांबतो. तो कोणाला बोलावत नाही. मागच्या एलईडी वॉलवर आपटून टाळी किती परत येते आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज इथपर्यंत किती पोहोचतो, याचा तो अंदाज घेत आहे. लग्नाची सिनेमॅटिक फिल्म करणाऱ्या पाच जणांच्या या चमूत कॅमेरा हाती नसलेला तो एकटाच आहे. त्याच्या पिशवीत दोन रेकॉर्डर, चार छोटे माइक, कापडी चिकटपट्टी आणि भरपूर बॅटऱ्या आहेत. आज आपण प्रामुख्याने त्याच्या मागे राहणार आहोत.

नाशिकमधल्या बहुतेक स्टुडिओंच्या कोटेशनमध्ये तेच ते रकाने दिसतात: ट्रॅडिशनल फोटो, ट्रॅडिशनल व्हिडिओ, कॅन्डिड, सिनेमॅटिक, ड्रोन, एलईडी वॉल. यातील ‘सिनेमॅटिक’ हा रकाना सर्वांत उशिरा आला आणि पाहता पाहता सर्वांत महाग झाला. खांद्यावर व्हीएचएस कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला आणि त्याच्या मागे हॅलोजन धरून उभा असलेला पोऱ्या ही जोडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तीन तासांची ती कॅसेटही आठवत असेल. मिक्सिंग करताना नवरा-नवरीला हृदयाच्या आकारात बसवून गरगर फिरवले जाई आणि त्याचे कोणाला हसूही येत नसे. २००८ मध्ये बाजारात आलेल्या कॅनन ५डी मार्क २ या कॅमेऱ्याने हे चित्र बदलले. मूळच्या छायाचित्रणाच्या या कॅमेऱ्यातून फुल एचडी चित्रीकरण होऊ लागले आणि त्याच्या मोठ्या सेन्सरमुळे चेहरा रेखीव व मागची गर्दी धूसर, अशी जी दृश्ये तोवर फक्त चित्रपटात दिसत, ती साध्या मंगल कार्यालयातही मिळू लागली. पुढे कॅमेऱ्याचे हेलकावे शोषणारे गिंबल आले, मिररलेस कॅमेरे आले आणि चालता चालता घेतलेले दृश्यही पाण्यावरून सरकल्यासारखे स्थिर दिसू लागले.

या प्रगतीत एक गोष्ट मात्र हातची गेली. त्या जुन्या कॅसेटमध्ये कितीही हॅलोजन असला, तरी तिच्यात लग्नाचा आवाज होता. भटजी ऐकू येत, आत्याबाईंचे ओरडणे ऐकू येई, जेवणाच्या पंगतीतला आग्रह ऐकू येई. नव्या कॅमेऱ्यांनी टिपलेला आवाज सुरुवातीला फारच सुमार असे आणि स्लो मोशनमध्ये घेतलेल्या दृश्याचा आवाज तर तसाही वापरता येत नाही. त्यामुळे सगळा आवाज काढून टाकून वर एखादे गाणे अंथरण्याची पद्धत पडली. चित्र देखणे झाले आणि लग्न मुके झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

[दृश्य: पांडवलेणीच्या पायथ्याचे फाळके स्मारक.]

मूकपटांशी या शहराचे नाते जुने आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला झाला, ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित झाल्यानंतर त्यांनी आपली चित्रपटनिर्मिती मुंबईहून नाशिकला आणली आणि १९४४ मध्ये त्यांचे निधनही याच शहरात झाले. त्यांच्या मुलाने व मुलीने पडद्यावर कामे केली आणि पत्नी सरस्वतीबाई फिल्म धुण्यापासूनच्या कामात होत्या. घरच्या माणसांना घेऊन सिनेमा उभा करण्याची ही रीत नाशिकला नवी नाही. फरक इतकाच, की फाळक्यांच्या काळी आवाज मुद्रित करण्याची सोयच नव्हती. आज ती खिशात मावते, तरी पुष्कळदा वापरली जात नाही.

[दृश्य: दिंडोरी भागातील द्राक्षबाग.]

लग्नाआधीच्या प्री-वेडिंग चित्रीकरणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यात आवाजाचा संबंध जवळजवळ नसतो. नाशिकच्या जोडप्यांना द्राक्षबाग हवी असते. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर बागेत पानांचा पत्ता नसतो आणि वेलींचे उघडे ओलांडे, म्हणजे जाड फांद्या, तेवढे तारांवर उरतात, हे शेतकऱ्याच्या घरातील नवरदेवालाही अनेकदा चित्रीकरणाच्या दिवशीच आठवते. मग गंगापूर धरणाचा काठ, अंजनेरीची वाट किंवा पहाटेचा गोदाघाट असे पर्याय निघतात. ड्रोनचे म्हणाल, तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार नकाशावरील हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाण करता येते. परंतु देवळालीचा लष्करी परिसर, ओझरचे विमानतळ आणि नोटांचा छापखाना असलेल्या या जिल्ह्यात आपण नकाशावरील कोणत्या रंगात उभे आहोत, हे आधी पाहावे लागते. वरातीवरून एक घिरटी आणि लॉन्सचा एक विहंगम देखावा, याहून अधिक ड्रोन या चमूला लागत नाही.

आता पुन्हा मंगल कार्यालयात येऊ.

[दृश्य: नवरदेवाची खोली. शेरवानीच्या आत माइक बसवणारे हात.]

नवरदेवाच्या शेरवानीवर बाहेरून माइक लावला, तर तो छायाचित्रात दिसतो; आतून लावला, तर जरीच्या कापडाची खसखस श्वासागणिक नोंदली जाते. म्हणून माइकच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीच्या त्रिकोणी घड्या घालून तो कापड आणि सदरा यांच्यामध्ये असा अडकवला जातो, की कापड हलले तरी त्याच्यावर घासणार नाही. हे काम करताना नवरदेवाचा मामा शेजारी उभा राहून घड्याळ पाहत असतो आणि दर मिनिटाला ‘झालं का हो?’ असे विचारत असतो. या तरुणाला त्या प्रश्नाची घाई होत नाही. माइक बसला, की तो नवरदेवाला अगदी हळू आवाजात सांगतो, “दादा, आता तुम्ही जे बोलाल ते सगळं रेकॉर्ड होणार. कोणाशी खासगी बोलायचं असेल, तर मला खूण करा.” ही सूचना न देता काम करणारेही आहेत आणि आमच्या दृष्टीने तो सरळ सरळ विश्वासघात आहे.

दुसरा रेकॉर्डर साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडला जातो, कारण गुरुजींचा आवाज तेथून स्वच्छ मिळतो. बिनतारी माइकचा संकेत पुष्कळदा वाय-फायच्याच लहरींवर चालतो आणि पाचशे पाहुण्यांचे पाचशे मोबाइल मंचाभोवती जमले, की तो मध्येच तुटतो. म्हणून अंगावरच्या छोट्या यंत्रातही आवाज स्वतंत्रपणे साठवला जातो. एवढा बंदोबस्त कशासाठी, असे कोणी विचारल्यास आमच्याच एका कामातील प्रसंग सांगतो. मंगलाष्टके सुरू असताना मंचामागच्या कोणी तरी मोबाइल चार्ज करण्यासाठी आमच्या रेकॉर्डरची पिन काढली आणि चौथ्या मंगलाष्टकानंतर तेथे केवळ शांतता नोंदली गेली. त्या दिवशी नवरदेवाच्या अंगावरच्या माइकने लाज राखली. तेव्हापासून आमचा रेकॉर्डर बॅटरीवरच चालतो.

[दृश्य: १२ वाजून २० मिनिटे. वधूला मामा मंचावर आणत आहेत.]

अंतरपाट धरला जातो. एक कॅमेरा वधूच्या चेहऱ्यावर आहे, दुसरा वराच्या चेहऱ्यावर आणि तिसरा समोरच्या वाटेवर, तिपाईवर, सगळा मांडव कवेत घेऊन स्थिर आहे. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण शटरचा वेग सेकंदाच्या ५० व्या किंवा १०० व्या भागाशी जुळला नाही, तर कॅमेऱ्याला दिसते आणि वधूच्या चेहऱ्यावरून काळे पट्टे सरकू लागतात. त्यातून मांडवाच्या छताचे कापड पिवळे असेल, तर दुपारच्या उन्हात त्याची छटा प्रत्येकाच्या गालावर उतरते आणि कालची हळद आज दुप्पट लागल्यासारखी दिसते. या चमूतील मुलीने ते ओळखून सकाळीच पांढऱ्या कागदावर कॅमेऱ्याचा रंग जुळवून ठेवला आहे.

मंगलाष्टकांमध्येच वाजंत्र्यांना गलबला करू नका असे बजावणारे एक जुने कडवे आहे. त्या सूचनेचे पालन आजवर एकाही लग्नात झालेले आम्ही पाहिलेले नाही. शेवटचे ‘सावधान’ म्हणताच अक्षता पडतात, बँड वाजतो, फटाके फुटतात, दोन्हीकडची मंडळी मोबाइल उंचावून मंचावर चढतात आणि समोरच्या कॅमेऱ्यापुढे पाठींची भिंत उभी राहते. अंतरपाट दूर होऊन दोघे एकमेकांना पाहतात, तो अवधी तीन-चार सेकंदांचा असतो. काही मंडळी कॅमेऱ्यासाठी हा क्षण पुन्हा करायला सांगतात; हार पुन्हा काढवतात, पुन्हा घालवतात. हा चमू तसे सांगत नाही. त्यांच्या तिसऱ्या कॅमेऱ्याला पाठींची भिंतच मिळते, आणि फिल्ममध्ये ती तशीच राहते, कारण त्या पाठींमागून नवरीचे हसणे तिच्या माइकवर अगदी जवळून ऐकू येते.

[दृश्य: सायंकाळ. मांडवातील मोठे दिवे बंद.]

झालीच्या वेळी, म्हणजे ऐरणीदानाच्या वेळी, हे लोक घरच्यांकडे एकच विनंती करतात: व्हिडिओ लाइट आणि मंचावरचे दिवे काही मिनिटे बंद ठेवू द्यावेत. वेळूच्या परडीत कणकेचे दिवे पेटवलेले असतात आणि ती परडी सासरच्या मंडळींच्या डोक्यावर एकेक करून धरली जाते. आजच्या कॅमेऱ्यांना तेवढा उजेड पुरतो. गंमत अशी, की दिवे विझले की माणसे आपोआप हळू बोलू लागतात. सकाळपासून ओरडून घसा बसलेले वधूपिते विहिणीला “आमची लेक आता तुमची” असे काहीसे म्हणतात. शब्द पुरते लागत नाहीत, मध्येच एक आवंढा येतो, आणि माइक तोही घेतो.

[दृश्य: एडिटिंगची खोली. पडद्यावर ध्वनीच्या रेघा.]

तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली लग्नसराई आषाढापर्यंत चालते आणि चातुर्मासात तिथ्या थांबल्या, की एडिटरचे खरे काम सुरू होते. १०० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, वेगाने केलेल्या चित्रीकरणाचा एक तास ४५ जीबी जागा घेतो. तीन कॅमेऱ्यांवर सहा-सहा तासांचे चित्रण झाले, तर एका लग्नाचे ८१० जीबी होतात. हा साठा दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरल्याशिवाय कॅमेऱ्यातील कार्ड पुसायचे नाही, हा नियम आहे. या साठ्यातून २५ मिनिटांची फिल्म निघते.

येथील एडिटर चित्रे पाहण्याआधी सगळा आवाज ऐकून घेतो आणि वहीत वेळा टिपून ठेवतो. मंगलाष्टके शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. चरणात १९ अक्षरे असतात आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे क्षणभर थांबण्याची जागा, येतो. एडिटर दृश्य तोडतो ते त्या यतीवर. प्रेक्षकाला वृत्ताचे नाव ठाऊक असो वा नसो, लहानपणापासून कानावर पडलेली ती ठेच त्याला कळते आणि पडद्यावरचा बदल जागच्या जागी झाल्यासारखा वाटतो. गाण्याच्या ठेक्यावर तोडलेल्या दृश्यांत ही मजा नाही.

गाण्याचा प्रश्न कायद्याचाही आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ नुसार विवाहसमारंभात व वरातीत गाणी वाजवणे हा हक्कभंग ठरत नाही आणि केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केले. मात्र वरातीत वाजवणे वेगळे आणि तेच गाणे फिल्मला जोडून यूट्यूबवर टाकणे वेगळे. तेथे गाण्याच्या मालकाचा दावा येतो आणि कधी कधी फिल्मचा आवाजच बंद केला जातो. हौसेने लावलेले गाणे असे काढले गेले, की खाली स्वतःचा काहीच आवाज नसलेली फिल्म पुरती उघडी पडते.

ट्रॅडिशनल व्हिडिओला हसण्याची एक फॅशन या व्यवसायात आहे. आम्ही त्यात नाही. आहेर देणाऱ्या प्रत्येकाला पाच सेकंद दाखवणारे ते तीन तासांचे चित्रण म्हणजे घराण्याचा हजेरीपट आहे आणि दहा वर्षांनी ‘आपली मावशी कुठे दिसते का’ हे शोधायला माणसे त्याच्याकडेच येतात. हा चमूही पेनड्राइव्हमध्ये दोन्ही देतो.

एडिटरच्या वहीतील आजच्या नोंदी आपण पाहू शकतो. ‘११.०५, आजी, उखाणा विसरली, पुन्हा पहिल्यापासून.’ ‘१२.३४, नवरदेव, खोल श्वास.’ त्याखाली एक नोंद लाल शाईने केलेली आहे. अंतरपाट धरलेला असताना, गुरुजींचा सूर वर चढलेला असताना, नवरदेवाच्या माइकवर मामाची कुजबुज आली आहे: “मंगळसूत्र तुझ्याकडे आहे ना?” आणि नवरदेवाचे उत्तर: “नाही. तुझ्याकडे दिलं होतं.” पुढची नऊ सेकंदे कोणीच काही बोलत नाही. मंगलाष्टक चालू राहते. मग खिशात चाचपल्याचा आवाज, कागदाची चुरमुर आणि मामाचा एक लांब निःश्वास.

एडिटर हेडफोन काढतो, मामांना फोन लावतो आणि हे ठेवू का, असे विचारतो.